आक्कांच्या पिशवीतली बाटली

नात फ्रान्सहून आली ती कपड्यांत गुंडाळून दोन बाटल्या घेऊन. तिकडं एका शेतकरी नवरा-बायकोकडं ती द्राक्षतोडणीला राहिली होती. लहानसा मळा, मागं दगडी कोठार, त्यातच ते वाइन करतात. द्राक्षं सोडून त्यात काही घालत नाहीत, साखर नाही की औषध नाही. त्यांनी तिला वर्षभर कामाला बोलावलं होतं आणि तिला जायचंच होतं.

माझा मुलगा म्हणाला, लिंगायताच्या पोरीनं दारू गाळायला जायचं नाही. मग जरा थांबून म्हणाला, आक्का हो म्हणाल्या तर जा. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, राहतात अक्कलकोटला. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्या हो म्हणणार नाहीत याची खात्री होती, म्हणूनच तो इतका उदार झाला.

एक गोष्ट तो विसरला. आक्का वाताच्या त्रासावर कित्येक वर्षं जेवणानंतर दोन टोपणं द्राक्षासव घेतात. गावाला निघाल्या तरी बाटली पिशवीत असते. दोन टोपणं ही म्हणायची पद्धत. मोजताना मी त्यांना कधी बघितलेलं नाही.

मी आक्कांना जेवायला बोलावलं.

वाइनला गारवा लागतो, नाहीतर आतल्या आत फसफसते, असं नातीचं म्हणणं. मुलगा फ्रिजमध्ये ठेवू देईना. मी दोन्ही बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून माठाखालच्या वाळूत पुरल्या. आक्का यायच्या आधी एक उघडून चाखली. गढूळ, आंबट आणि वास गोठ्याचा. नासली ही, मी म्हटलं. नात म्हणाली, अशीच असते. दुसरा घोट तेवढा वाईट लागला नाही. तिसरा तिनं घेऊ दिला नाही.

जेवणं झाली. आक्कांनी पिशवीत हात घातला तसं मी त्यांच्यापुढं फुलपात्र ठेवलं.

“आज हे घेऊन बघा. द्राक्षाचंच हाय.”

मुलगा सुपारी कातरायचा थांबला. आक्कांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि ह्यात गूळ नाही म्हणाल्या. नातीला खोटं बोलता येत नाही. तिनं ही वाइन आहे असं सांगून टाकलं. मुलगा मोठ्या आशेनं आक्कांकडं बघायला लागला.

आक्कांनी आणखी एक घोट घेतला. “रस कशानं काढतात?”

“पायांनी तुडवून, आक्काआज्जी.”

“कुणाच्या?”

“ह्या बाटलीला माझ्याच.”

आता मात्र फुलपात्र खाली आलं. दारूचं चाललं होतं, पायाचं नडलं. मला गप्प बसता येत नाही, कधीच आलं नाही.

“मठातल्या स्वामींचे पाय धुतलेलं पाणी तीर्थ म्हणून घेता की,” मी म्हटलं. “ही तर घरचीच पोर.”

“तुझ्या तोंडाला कुलूप घाल आधी.”

मग त्यांनी नातीला पाय पुढं करायला लावले. तळवे बघितले, टाचा बघितल्या. भेगा नव्हत्या. फुलपात्र संपवलं.

फ्रान्सला जाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, बघू. नातीचा चेहरा उतरला. दुपारच्या एसटीला निघताना मात्र न उघडलेली दुसरी बाटली आक्कांनी आपल्या पिशवीत सारली. उन्हातून नेऊ नका, बूच उडेल, असं नात दोनदा म्हणाली. आक्कांनी आजवर कुणाचं ऐकलंय?

दुसऱ्या दिवशी मुलाला त्यांचा फोन आला. पलीकडचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. वाटेत वळसंगच्या पुढं एसटीतच बूच उडालं. पिशवी भिजली, लुगडं भिजलं, शेजारच्या बाईची भाजीही भिजली. कंडक्टर वास हुंगत आला. वैद्याचं औषध आहे, आक्का म्हणाल्या. कपाळभर विभूती लावलेल्या म्हातारीला तो काय बोलणार?

मुलगा म्हणाला, सांडली ते बरंच झालं.

“बरं कसलं? एकच हुती,” आक्का म्हणाल्या. “पोरीला कधी धाडतोस?”