टपालाने आलेले धडे

चौथीची परीक्षा झाली आणि माझं लग्न झालं. जुन्नरची शाळा सुटली, मी निमगाव सावाला नांदायला आले. आमच्या बाईंचीही त्याच सुमारास पुण्याला बदली झाली. निघताना त्या म्हणाल्या, "शिकावंसं वाटलं तर पत्र टाक. मी टपालाने शिकवीन."

पहिलं वर्ष धाडस झालं नाही. नवरा मुंबईला गोदीत कामाला. शेवटी सासूबाईंकरवी मामंजींना विचारलं. त्यांना स्वतःला सहीदेखील येत नव्हती. बराच वेळ ते दावं वळत राहिले. मग म्हणाले, "कामं आटपून शिकनार आसंल तर शिकू दे. पर गावात बोभाटा नको."

मी बाईंना पत्र टाकलं आणि दर पंधरा दिवसांनी त्यांचा एक लखोटा येऊ लागला. त्यात भूगोलाचे प्रश्न, गणितं, निबंधाचा विषय. दुपारी ओसरीवर बसून मी उत्तरं लिही. मामंजी नारायणगावच्या बाजाराला निघाले की ती टपालात टाकत. पुढे माझेच कागद तांबड्या शाईने तपासून परत येत. 'इथे का चुकलीस, विचार कर,' असं समासात लिहिलेलं असे. विचार करून उमगलं की ते सांगायला समोर कुणी नसायचं. बाईंचं 'शाबास' यायला महिना लागे. आपण बोलावं आणि बाईंनी तिथल्या तिथे हसावं, एवढ्यासाठी जीव तळमळायचा.

चार वर्षांनी सातवीच्या परीक्षेला मामंजी मला पुण्याला घेऊन गेले. आधी बाईंच्या दारात गेलो. त्यांनी चष्म्यातून निरखलं.

"कोण गं तू?"

मला रडूच आलं. मामंजींनी माझी वही पुढे केली. पहिलं पान उघडताच बाई उठल्या. "अगं, हा तुझाच 'क्ष'! कितीदा दुरुस्त केला, तरी वाकडा तो वाकडाच!" आणि त्यांनी मला पोटाशी धरलं.

केवढं सांगायचं साठलं होतं! पण तासभर तोंडातून शब्द फुटला नाही. मामंजीच ओशाळून म्हणाले, "घरी लई बोलती, बाई. आज काय झालं, म्हाईत न्हाई."

परीक्षा देऊन गावी आले आणि चार पानी पत्र लिहिलं. लिहायला बसल्यावर सगळं भराभर सुचत गेलं.

मी पास झाले. पुढे गावच्या मुलींना शिकवू लागले. बाईंची पत्रं कितीतरी वर्षं येत राहिली. भेट मात्र पुन्हा झाली नाही.