तांबडीच्या मागे एक दिवस

तिसऱ्या तपासणीतही पट्टी पांढरीच राहिली, आणि त्याच सकाळी वाडीतलं चौथं जनावर मेल्याचा फोन आला.

मी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. उलटी केली, पुन्हा सुलटी केली. पांढरी म्हणजे पांढरीच. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात सोमल नाही. सोमल म्हणजे आर्सेनिक. गावाकडे अजून सोमलच म्हणतात.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी महाडमधल्या एका छोट्या खासगी लॅबमध्ये केमिस्ट होते. दोन खोल्या, एक पंखा, मी आणि गोखलेसाहेब. मोठ्या शहरांत तोवर बटण दाबलं की आकडा सांगणारी मशीनं आली होती. आमच्याकडे काचेची कुपी, जस्ताचे दाणे, आम्ल आणि कागदाच्या पट्ट्या. नमुना कुपीत टाकायचा, त्यावर आम्ल आणि जस्त. बुडबुडे येतात. नमुन्यात सोमल असेल तर ते त्या वायूबरोबर वर येतं आणि तोंडाशी लावलेल्या पट्टीवर डाग पडतो. थोडं असेल तर पिवळा, जास्त असेल तर तपकिरी. आम्लाचा वास केसात, पदरात, डब्यातल्या पोळीतसुद्धा शिरायचा. माझी आई नाक मुरडायची. मला तो वास आता कुठे मिळत नाही, आणि त्याची आठवण येते हे सांगायला मला लाज वाटत नाही.

प्रकरण होतं पोलादपूरच्या अलीकडचं. हायवेपासून थोडं आत, वहाळाच्या काठी पूर्वी खांबांचा कारखाना होता. विजेचे आणि टेलिफोनचे लाकडी खांब तिथे तयार व्हायचे. लाकूड लोखंडी नळकांड्यात कोंडायचं आणि तांबं, क्रोमियम आणि सोमल घातलेलं हिरवट पाणी प्रेशरने आत मुरवायचं. मग वाळवी त्या खांबाला तोंड लावत नाही. ओले खांब उघड्यावर निथळत ठेवायचे. जे निथळलं ते जमिनीत गेलं. पुढे कारखाना बंद पडला, मालक निघून गेला, निथळलेलं तिथेच राहिलं.

ती जागा घेतली आमच्या महाडच्या इब्राहिमभाईंनी. कुवेतला बारा वर्षं ट्रेलर चालवून ते परत आले होते. ट्रक उभे करायला यार्ड हवं होतं. हिवाळ्यात त्यांनी बुलडोझर लावून जागा साफ केली. उन्हाळ्यात खालच्या वाडीतली गुरं मरायला लागली. वाडीने सरळ हिशोब मांडला: याने जमीन उकरली, विष वहाळात आलं. बायकांनी वहाळाचं पाणी बंद केलं आणि डोंगरापलीकडच्या झऱ्यावर हंडे घेऊन जाऊ लागल्या. जायला-यायला दोन तास. शिवाय यार्डाच्या गेटसमोर रोज धरणं धरून बसायच्या.

"मॅडम, माझ्या बापाने या वाडीतून बोकड घेतले, मी घेतले. घरचे संबंध आहेत. आता कोणी सलाम घेत नाही," इब्राहिमभाई लॅबमध्ये येऊन म्हणाले. "माझी चूक असेल तर सांगा. नसेल तर तसं लिहून द्या."

पहिल्या दोन तपासण्या मी मोठ्या डौलात केल्या. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायचे. यार्डातल्या मातीची पट्टी तपकिरी झाली, ते अपेक्षितच होतं. कुंपणालगतच्या वहाळातल्या चिखलाची फिकट पिवळी. पाण्याची मात्र पांढरी. साहेबांनी कारण सांगितलं. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर. लोह सोमलाला धरून ठेवतं, सहजासहजी पाण्यात सोडत नाही. मी रिपोर्ट घेतला आणि एसटीने गेटवर हजर झाले.

"पाणी स्वच्छ आहे. दोनदा तपासलंय," मी कागद वर धरून म्हटलं.

बायकांमधून चंद्राबाई उठली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, विधवा. दूध विकून घर चालवायची. तिच्या तीन गाईंपैकी दोन गेल्या होत्या. उरलेली तांबडी गाभण होती.

"सवच्छ हाय?"

"हो."

"मंग पी."

कोणीतरी तोवर वहाळातून तांब्या भरून आणलाही होता. तो माझ्यासमोर आला. मी त्या पाण्याकडे पाहिलं. दोन पांढऱ्या पट्ट्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "माझ्याकडे घरच्या पाण्याची बाटली आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चंद्राबाईने तांब्या मातीत उपडा केला.

"कागदाला तहान नाय लागत, गो बाय," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

परतीच्या एसटीत मी स्वतःवर इतकी चिडले होते की महाडचा स्टँड आला तरी उठायचं भान नव्हतं. म्हणून तिसरी तपासणी केली. तीही पांढरी.

साहेब म्हणाले, "झालं. टाइप कर. पाणी पिण्यायोग्य. सही कर आणि फाइल बंद."

"साहेब, गुरं मरतायत."

"आपल्याला विचारलं काय? पाणी. उत्तर आलं काय? स्वच्छ."

"आणि पोटातलं?"

आदल्या आठवड्यात तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी मेलेल्या बैलाच्या पोटातला ऐवज बरणीतून पाठवला होता. त्याची पट्टी चॉकलेटी झाली होती. गुरं सोमलानेच मरत होती, यात शंका नव्हती.

"पाण्यातून नाही, तर आत गेलं कुठून?" मी विचारलं.

"आता ते गुरालाच जाऊन विचार," साहेब वैतागून म्हणाले आणि चहा ओतायला लागले.

साहेब मनाने चांगले. रविवारी गुडघे शेकायला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचे आणि सोमवारी प्रसन्न असायचे. त्या दिवशी गुरुवार होता. पण ते रागाने बोलले ते मी शब्दशः घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने वाडीवर गेले. चंद्राबाई तांबडीला सोडत होती.

"आज बाटल्या नाय आनल्यास?"

"नाही. आज तुमच्या तांबडीबरोबर फिरणार."

चंद्राबाईने मला साडीपासून चपलांपर्यंत निरखलं. "फिर. दमलीस तर तिला सांग, थांबल ती."

कोकणात भात कापून झालं की गुरं मोकळी सोडतात. कुंपण नाही, गुराखी नाही. तांबडी पुढे आणि छत्री, वहीपेन्सिल घेऊन मी मागे. ती वहाळावर पाणी प्यायली, मी लिहिलं. वाळकं गवत खाल्लं, मी लिहिलं. मग करवंदीच्या जाळीत शिरली, तिथे माझा पदर अडकून टरकन फाटला. दुपारच्या आधी ती उठली आणि एकदम ठाम चालीने उतरणीच्या शेतांकडे निघाली, काम आठवल्यासारखी. एका कोपऱ्यात जमीन काळी झाली होती. तांबडी तिथे थांबली, मान खाली घातली आणि जमीन चाटू लागली. बाजूच्या शेतातून आणखी दोन गुरं आली आणि तीही चाटू लागली.

मी घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली. किती गुरं, कुठला कोपरा, सगळं नीट लिहिलं. शोध लागल्याचा आनंद झाला होता मला! दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग डोक्यात प्रकाश पडला की मी लिहीत उभी आहे आणि ती चाटते आहे.

छत्री फिरवत, ओरडत मी धावले. तांबडीने मान वर केली. तिची जीभ राखेने करडी झाली होती.

आरडाओरडा ऐकून चंद्राबाई आली.

"राख हाय ती. राबाची. उन्हाळ्यात गुरं मीठ मागतात, राख खारट लागती. दर साल चाटतात. कधी काय झालं नाय."

राब म्हणजे काय, हे मी पाचवीत पाठ केलं होतं. भाताचं रोप जिथे करायचं ती जागा पेरणीआधी पाला, शेण, फांद्या रचून भाजायची; तण जळतं, राखेचं खत होतं. पूर्ण गुण मिळाले होते. पण मी बाजारपेठेतली मुलगी. राब भाजताना कधी पाहिला नव्हता आणि तो आठवायचं कारण नव्हतं.

"या वर्षी राबात काय घातलंत?"

"पाला, शेण, तोडलेल्या फांद्यांची कवळं. आन् इब्राहिमनं धाडलेला भुसा नि ढलप्या. दोन ट्रक."

"कुठला भुसा?"

"त्याच्या यार्डातला. जागा साफ केली तवा निघाला. चुलीला वास मारतो, म्हनून समद्यांनी राबात घातला. फुकट दिला त्यानं."

मी चंद्राबाईला सांगितलं, तांबडीला बांधा, सगळ्यांना गुरं बांधायला सांगा. रुमालात राख बांधली आणि हायवे गाठला.

लॅबमध्ये कुपीत बुडबुडे नीट सुरूही झाले नव्हते तेवढ्यात पट्टी रंगायला लागली. पिवळी, तपकिरी, चॉकलेटी. साहेब माझ्या मागे उभे राहून पाहत होते. तो भुसा मुरवलेल्या खांबांचाच होता; लाकूड जळतं, सोमल जळून संपत नाही. ढीगभर भुशातलं बरंचसं सोमल मूठभर राखेत गोळा होऊन बसतं.

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "एका गाभण गाईने आजच चाटलंय, माझ्यासमोर."

"तुमच्याकडे सोडियम थायोसल्फेट असेल ना? माझ्याकडचं संपलंय. घेऊन या, मी पोचतो."

होतं. पाण्यातला क्लोरिन तपासायला आम्ही ते वापरायचो. फोटो स्टुडिओवाले त्यालाच हायपो म्हणतात. साहेबांनी स्वतः कपाट उघडून अख्खी बरणी माझ्या हातात दिली. म्हणाले, "एसटीची वाट बघू नकोस. इब्राहिमच्या ट्रकने जा."

ट्रकमध्ये मी इब्राहिमभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी हायवेच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"म्हणजे मीच पाठवलं. माझ्या ट्रकने. वाटलं, नवीन शेजार आहे, लोकांच्या उपयोगी पडेल." त्यांनी चावी फिरवून इंजिनही बंद केलं. मी म्हटलं, "भाई, गाडी चालू करा."

तांबडी गोठ्यात मान टाकून उभी होती, तोंडातून लाळ गळत होती. डॉक्टरांनी औषध पाण्यात कालवून बांबूच्या नळीने घशात ओतलं, इंजेक्शन दिलं. चंद्राबाई तिची शिंगं धरून होती. इब्राहिमभाई गोठ्याच्या दारात उभे होते, आत यायचं धाडस होत नव्हतं.

"चंद्राबाई, तो भुसा मी दिला," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. पण दिला मीच."

चंद्राबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "तुज्या बापाबरोबर बोकड न्यायला यायचास तवा एवढासा होतास रे. दारात काय हुबा ऱ्हातोस? ये, मागचा पाय धर तिचा."

ते आत आले आणि त्यांनी पाय धरला.

पण खरी घाई पुढेच होती. वाडीतले सगळे राब उतरणीवर, वहाळाच्या वर. पाऊस तीन आठवड्यांवर. तीनदा स्वच्छ निघालेलं पाणी पहिल्या सरीबरोबर खराब होणार होतं, आणि तेव्हा माझ्या पांढऱ्या पट्टीवर विसंबून लोक तेच पाणी पीत बसले असते. राख आणि तिच्याखालची वीतभर माती उचलायला हवी होती.

हे वाडीला पटवणं सोपं नव्हतं. रोपाची माती म्हणजे त्यांनी वर्षानुवर्षं शेणखत घालून जपलेली सगळ्यात चांगली माती. एक म्हातारा मला म्हणाला, "परत पाटी नको दावूस आम्हाला." तोंडाने पट्टीला पाटी म्हणाला, पण बोलला ते बरोबर होतं. मग चंद्राबाईने आपल्या राबात पहिली कुदळ मारली. दुसऱ्या दिवशी सगळे आले, तोंडाला फडकी बांधून. मातीची पोती इब्राहिमभाईंच्या ट्रकने यार्डात गेली, सिमेंटच्या जमिनीवर, पत्र्याच्या शेडखाली. जिथून निघालं तिथे परत. त्यांनी यार्डातली निथळण्याची जागाही ताडपत्रीने झाकून घेतली आणि वहाळाकडच्या बाजूला बांध घातला. त्या वर्षी वाडीला नुसता पाला जाळून उशिरा रोप करावं लागलं, आणि भात कमी झालं. ते मात्र कोणी भरून देऊ शकलं नाही.

तांबडी वाचली. चौथ्या दिवशी तिने गवताला तोंड लावलं. श्रावणात तिला कालवड झाली.

त्याआधी, शेवटचं पोतं गेलं त्या दुपारी मी वहाळावर चौथा नमुना घेतला. बाटलीला बूच लावत होते, तेवढ्यात चंद्राबाई काठावर येऊन उभी राहिली. वाकली, तांब्या वहाळात बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

शास्त्राच्या दृष्टीने अशा तांब्याला काडीची किंमत नाही. सोमलाला चव नाही, वास नाही. पिणारीला काही कळत नाही. मी तांब्या घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. तिने तो परत भरला, स्वतः प्यायली आणि पदराने तोंड पुसलं.

"आता लिव तुजा कागद," ती म्हणाली.

चौथी पट्टीही पांढरीच निघाली आणि मी तो लिहिला. पुढे नोकरीत कितीतरी रिपोर्ट केले, मशीनंही आली. बाटली भरायच्या आधी मी विचारायचे, इथली गुरं कुठे फिरतात? नवीन केमिस्ट माझ्या पाठीमागे हसायचे. आणि जे पाणी मी स्वतः प्यायला कचरेन, त्यावर मी पुन्हा कधी सही केली नाही.