खाली उतरवलेला गिअरबॉक्स मांडवाच्या दारात

नवरदेवाची गाडी मांडवाच्या दारात येऊन थांबली आणि बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की माझ्या हातातल्या गुलाबदाणीचा फवारा नवरदेवाऐवजी सनईवाल्याच्या डोळ्यांत गेला.

"अहो," ती कानाशी म्हणाली, "आपलं फाटक आलं!"

गाडी झेंडूच्या माळांनी मढवलेली होती, बोनेटवर थर्माकोलचा भलामोठा बदाम होता. पण डाव्या दारावर, दोन माळांच्या मधे, हिरव्या रंगाचा लांबलचक ओरखडा दिसत होता. तो हिरवा रंग आमच्या बारामतीच्या घराच्या फाटकाचा. बायको गाडी शिकायला लागली त्या आठवड्यात फाटकाने तो गाडीला दिला होता. मी वाकून नंबर पाहिला. आमचाच. माझ्या अंगातून वीज गेली. राग यायला हवा होता, खरं सांगतो, पण पहिल्यांदा आला तो आनंद. असं नाटक समोर घडतंय आणि आपण पहिल्या रांगेत!

कारण त्या क्षणी आमची गाडी गॅरेजमध्ये असायला हवी होती. तिचा गिअरबॉक्स जमिनीवर उतरवलेला असायला हवा होता.

बायकोने पन्नाशीत गाडी शिकायला घेतली ती तिच्या आईसाठी. आई कऱ्हाटीला, अंथरुणाला खिळलेली. अंतर फार नाही, पण तिथे जायचं म्हणजे माझ्या मागे लागायचं, आणि मी म्हणायचो, "रविवारी बघू." आमच्याकडचे रविवार लग्नांत जातात. शेवटी तिने शिकाऊ लायसन्स काढलं. पहिल्या परीक्षेत चढावर क्लच घसरला, गाडी मागे गेली, नापास. आता सोमवारची तारीख होती आणि त्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्सची मुदत संपत होती.

"ह्या वेळी नाही झालं तर पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली होती. "आणि पहिल्यापासून मी करणार नाही. तेवढा दम आता नाही माझ्यात." तिचा पाय ह्याच गाडीवर बसला होता, दुसऱ्या गाडीवर परीक्षा द्यायला ती तयार नव्हती.

म्हणून गाडी भिगवण रस्त्यावरच्या एका गॅरेजात टाकली. मालकाचा हात कसबी, जिभेला मात्र ग्रीस जरा जास्त. क्लच प्लेट गेलीय, बुधवारी न्या, म्हणाला. खर्चाचा अंदाज लिहून द्या म्हटलं तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, आपण काय परकं हाय का?" क्लचचे सगळे पैसे आगाऊ घेतले. बुधवारी फोन केला तर, "गिअरबॉक्स खाली उतरवलाय." गुरुवारी, "गिअरबॉक्सपण गेलाय, काम वाढलंय." आम्हाला न विचारताच वाढलेलं काम! वर, "ते पैसं भरल्याबिगर गाडी जागची हालायची न्हाय." शनिवारी तर तो फोनवर हळहळला, "जमिनीवर पडलाय बघा बिचारा, बघवत न्हाय."

रविवारी वरकुट्याच्या माझ्या शाळूसोबत्याच्या मुलीचं लग्न होतं, डाळजजवळ हायवेवरच्या मंगल कार्यालयात. आम्ही एसटीने भिगवण आणि तिथून वडापच्या जीपने, म्हणजे दहाच्या जागी वीस माणसं कोंबणाऱ्या जीपने, कार्यालयात पोचलो. बायको रेशमी साडीत, मांडीवर कुणाचं तरी रडकं लेकरू, आणि डोक्यात सोमवार. मुलीकडचे म्हणून आम्हाला दारात स्वागताला उभं केलं आणि आमचंच वाहन आमच्यासमोर आलं.

मागच्या काचेवर नवरानवरीच्या नावांशेजारी तिचा लाल एल तसाच होता. सजावटवाल्याने तो काढायचे कष्ट घेतले नव्हते.

"आरं, नवरदेव शिकाऊ हाय वाटतं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"मंग काय, सराईत पायजे व्हता व्हय तुला?" दुसऱ्याने उत्तर दिलं आणि हशा पिकला.

तेवढ्यात ड्रायव्हरचं दार उघडलं. गुलाबी फेटा, कडक इस्त्री, आणि त्याखाली गॅरेजमालकाचा चेहरा. मला पाहिलं आणि त्याचा एक पाय गाडीतच राहिला.

"पाव्हणं... तुमी हितं?"

"मी मुलीकडचा. तुम्ही?"

"मी... नवरदेवाचा मामा."

"आणि बिचारा कुठंय? जमिनीवर?"

तो काही बोलणार, तोच बायकोने मला बाजूला ओढलं. "आधी अक्षता," ती म्हणाली. "मुलीचं लग्न आहे. नंतर बघते मी त्याच्याकडे."

मी गप्प बसणारा माणूस नाही. भांडायची मनाई होती, खोडीची नव्हती. मी ड्रोनवाल्या पोराला गाठलं. "गाडीचा नंबर नीट येऊ दे हं. आणि मामांना सोडू नकोस. एकुलते एक मामा आहेत." पोरगं इमानदार निघालं. मामा खांबामागे गेले, ड्रोन खांबामागे गेला. मामा मंडपात शिरले, तर कॅमेरावाला दारात हजर. मंगलाष्टकांत मामाला नवरदेवाच्या पाठीशी उभं राहावंच लागतं, जागचं हलता येत नाही. माझ्या अक्षतांतल्या बऱ्याचशा त्या गुलाबी फेट्यावर पडल्या. नेम जुना आहे माझा.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्या तेव्हा बायकोने त्याला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. मी अर्थातच मागे.

"वहिनी, ऐका तर. ठरलेली गाडी ऐन येळंला आली न्हाय. भाच्याला काय वडापनं आणू?"

"आम्ही वडापनंच आलो," ती म्हणाली. "क्लच बसवला?"

"बसवला की. बुधवारीच. एक नंबर झालाय."

"आणि खाली उतरवलेला गिअरबॉक्स नवरदेवाला घेऊन कसा आला?"

मामा टाकीकडे बघायला लागले. टाकी काही बोलेना.

बायकोच्या बचत गटात एकदा ग्राहकांच्या हक्कांवर कुणीतरी बोलून गेलं होतं. बाकीच्या बायका चहाला उठल्या होत्या, ही बसून राहिली होती. ते सगळं आता बाहेर आलं. "विचारल्याशिवाय काम वाढवायचं नाही. न केलेल्या कामाचे पैसे मागायचे नाहीत. गिऱ्हाइकाची गाडी गिऱ्हाइकाच्या परवानगीशिवाय फिरवायची नाही. मला माझी गाडी आजच पाहिजे, काय बदललं त्याचं बिल पाहिजे आणि जुनी क्लच प्लेट परत पाहिजे."

"जुनी प्लेट घिऊन काय करताय?"

"लोणचं घालते. माझी आहे ना?"

"आन् न्हाय दिली तर?"

आता मला राहवेना. मी पुढे झालो. "तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार घरबसल्या मोबाइलवरून करता येते, वकील लागतोच असं नाही. आणि पुरावा म्हणून लग्नाचं शूटिंग. पहिल्यापासून दाखवू. झेंडू, बँड, तुम्ही, नंबर प्लेट."

मामांनी वर पाहिलं. ड्रोन तिथेच होता.

नेमके त्याच वेळी नवरदेवाचे आजोबा काठी टेकत आले. "काय कालवा चाललाय रं?"

"काय न्हाय आबा," मामा गडबडले. "हे... गाडीवालं हायती. गाडी त्यांची."

आबांचा चेहरा उजळला आणि लगेच तापला. "म्हंजी दोस्तानं गाडी दिली म्हणालास, त्यो ह्यो? आन् ह्यास्नी टाकीमागं हुबं करून बोलतोस? मान क्येला का त्यांचा? टॉवेल-टोपी कुठं हाय?"

आमच्या भागात नवरदेवाला गाडी देणाऱ्याचा मान असतो. आबांनी आम्हा दोघांना हाताला धरून थेट स्टेजवर नेलं. माइकवाल्याने पुकारा केला. आणि चोरासारखं मला चुकवत फिरणाऱ्या माणसाने, साऱ्या पाहुण्यांसमोर, स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मी टोपी सरळ केली, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग म्हणालो, "पण गाडी हिच्या नावावर आहे." झालं! नवरदेवाच्या आईने हिची ओटी भरली आणि माइकवाल्याने माइक हिच्या पुढे धरला.

मामांच्या फेट्याचा गुलाबी रंग तेवढा शिल्लक होता, चेहऱ्यावरचा उडाला होता. एक वाक्य, आणि बहिणीच्या सासरी त्यांची जन्माची शोभा झाली असती. हिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा नवरीकडे.

"गाडी आम्ही आनंदाने दिली," ती म्हणाली. "फक्त दिल्याचं आम्हाला आजच कळलं."

लोक हसले. मामा सगळ्यांत उशिरा हसले.

"पाठवणी झाली की गाडी मी घेऊन जाणार. उद्या माझी ड्रायव्हिंगची परीक्षा आहे."

टाळ्या पडल्या. "बिनघोर जा, पोरी," आबा म्हणाले. "पास हुशील."

नवरानवरीला शेजारच्या गावात मीच सोडलं, टोपीसकट. परतीला बायको स्टिअरिंगवर बसली, मी शेजारी. माळा काढायला वेळ नव्हता. उसाच्या ट्रॅक्टरांमागे थांबत, सुटत, पुन्हा थांबत आम्ही निघालो. प्रत्येक फाट्यावर लोक नवरी बघायला वाकायचे आणि आत आमची पन्नाशीतली जोडी बघून हात जोडायचे. भिगवणच्या चढावर पुढची ट्रॉली अडली. हिने हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू सोडला. गाडी तसूभर मागे न जाता पुढे सरकली.

"बसवलाय खरा मेल्यानं," ती खुशीत म्हणाली.

सोमवारी सकाळी मामा फाटकाशी हजर. जुनी प्लेट, बिल, बिलात फक्त क्लच. मग म्हणाले, "मीपण येऊ का? माझ्या कामाची बी परीक्षाच हाय." मैदानाच्या तारेपलीकडे आम्ही दोघे उभे राहिलो. गाडी चढावर थांबली तेव्हा मामांनी माझा हात घट्ट धरला आणि स्वतःचा डावा पाय मातीत दाबून हळूहळू उचलला. "सोडा... सोडा... दमानं वहिनी..." गाडी वर गेली तसे त्यांनी मला मिठी मारली. कालचा भामटा आज मला मिठी मारतोय, आणि मीही मारतोय!

लायसन्स आलं त्या दिवशी बायको सकाळीच तयार होऊन बाहेर आली. मी पेपर खाली ठेवला. "कऱ्हाटी ना? रविवारी बघू की, दोघं जाऊ."

"आज मंगळवार आहे," ती म्हणाली. "तुम्ही फाटक धरा."

फाटक वाऱ्याने मिटत होतं. मी त्याला जुनी क्लच प्लेट टेकण लावली आणि बाजूला उभा राहिलो. ती कुठेही न घासता बाहेर पडली.