हात हँडलवर

नाना आधी मारायचे आणि मग बोलायचे. हे मला लग्न होऊन सुरतेत आले त्याच दिवशी कळलं. उधना स्टेशनवरून आमचे हे मला सायकलच्या कॅरियरवर बसवून गोडादऱ्याला घेऊन चालले होते. माझ्या मांडीवर पत्र्याची पेटी. खाडीच्या पाळ्यावर, म्हणजे काठच्या बांधावर, चढलो तर समोरून धोतर-सदऱ्यातला एक दांडगा म्हातारा आला. गावाकडचा माणूस दिसला म्हणून ह्यांनी हँडलवरचा एक हात उचलून "राम राम नाना!" केलं, आणि त्या म्हाताऱ्याने ह्यांच्या अशी थोबाडीत ठेवून दिली की पेटीसकट मी खाली उतरले ती घाबरूनच.

"हात हँडलवर!" म्हातारा गरजला. "राम राम घरी येऊन कर. नवी बायको मागे बसवलीय, आणि हात सोडतोस?" मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "पोरी, पाळ्यावर बसून नाही जायचं. चालत जा. पेटी तो घेईल."

माझं डोकंच फिरलं. नव्या नवरीसमोर नवऱ्याला मारतो म्हणजे काय! रात्री मी ह्यांना विचारलं, तुम्ही हात का नाही उचलला? हे गाल चोळत म्हणाले, "चूक माझीच होती." त्या वेळी मला हा माणूस अगदीच मुळमुळीत वाटला होता.

आता तो पाळा कसा होता ते सांगते. नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या वस्तीतून पांडेसऱ्याच्या मिलांकडे जायचा जवळचा रस्ता म्हणजे खाडीकाठचा मातीचा बांध. एका बाजूला झोपड्या, दुसऱ्या बाजूला खाडी. मिलमध्ये ज्या रंगाच्या साड्या, त्या रंगाचं पाणी. रुंदी इतकी की दोन सायकली कशाबशा एकमेकींना चुकवायच्या. पाळी सुटली की तिकडून हजार सायकली, इकडून हजार सायकली, आणि मधे आम्ही बाया: कुणाच्या डोक्यावर पाण्याचा हंडा, कुणाच्या डोक्यावर टिकल्या लावायला आणलेल्या साड्यांचं गाठोडं. धक्का लागला की सरळ खाडीत.

नाना रात्रपाळीचे. मागावर रात्रभर उभं राहून यायचे आणि घरी जाऊन झोपायचं सोडून पाळ्यावर उभे राहायचे. संध्याकाळी कामावर निघायच्या आधी पुन्हा तेच. कुणी नेमलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. त्यांचा कायदा साधा होता. मिलकडे जाणाऱ्याने खाडीच्या बाजूने, घरी येणाऱ्याने झोपड्यांच्या बाजूने. "आधी ओझं, मग पाय, मग चाक," असं ते म्हणायचे. डोक्यावर ओझं घेतलेली बाई दिसली की सायकलवाल्याने उतरायचं, सायकल कडेला धरायची आणि ती जाईपर्यंत उभं राहायचं. घंटी वाजवून चालणार नाही. "घंटी वाजवली म्हणजे काय तिच्या डोक्यावरचा हंडा उडून जातो?" आणि पाळ्यावर राम राम बंद. आमच्या खानदेशी माणसाला दुरून ओळखीचं तोंड दिसलं की हात वर गेलाच पाहिजे, आणि ह्या एका सवयीसाठी नानांनी जितक्या थोबाडीत दिल्या तितक्या दुसऱ्या कशासाठी दिल्या नसतील.

उतरला नाही तर पहिल्यांदा "उतर!" दुसऱ्यांदा हात. तिसऱ्यांदा सायकल उचलून खाडीत. चिडले की अहिराणीवर यायचे, "हाई वाट तुना बापनी शे का?" एका गुजराती ठेकेदाराने आपण रोजचेच म्हणून सांगून बघितलं, "काका, हूं रोजनो आवुं छुं." नाना म्हणाले, "तो रोज उतरवानुं!" आणि त्याची कॉलर धरून त्याला उतरवला. डाइंग मिलमधल्या दोघांनी एकदा त्यांना सायकलच्या साखळीने झोडपलं. कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं, टाके पडले. आम्हाला वाटलं, सुटलो आता. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा डोक्याला पट्टी बांधून पाळ्यावर हजर! ते दोघं आले तर नानांनी दोघांनाही एकेक वाजवली. त्यांच्या हातात साखळी होतीच. पण पट्टीतून रक्त झिरपतंय आणि म्हातारा "उतर" म्हणतोय, हे बघून दोघे मुकाट्याने उतरले.

ताप आला आणि उठवेनासं झालं तरी खाटेवरून चौकशी चालूच. कुणीही दारावरून गेलं की प्रश्न एकच: "आज कोण उतरलं नाही?" नाव कळलं की बरे झाल्यावर पहिलं काम ते.

हे एवढं वेड कशापायी, ते मला शेजारच्या बायकांनी सांगितलं. नानांची बायको त्याच पाळ्यावरून गेली. नाना तिला कॅरियरवर बसवून दवाखान्यातून आणत होते. समोरून गाववाला आला, नानांनी हात उचलून राम राम केलं, चाक वळलं, आणि ती पाठीवर पडून खाडीत गेली. पावसाचे दिवस होते, पाणी ओढीचं होतं. मागे राहिला तो सुभाष, दोन वर्षांचा. नानांनी त्याला एकट्याने वाढवला. भाकरी थापायचे, त्याचे कपडे धुवायचे. साऱ्या पाळ्याला बडवणारा हा माणूस सुभाषवर कधी बोट उचलत नसे. त्यांच्या जगण्यात आता तेवढाच एक होता.

सुभाष कॉलेजच्या वयाचा झाला तेव्हा जाड टायरच्या, गिअरच्या सायकली नव्या नव्या निघाल्या होत्या. डोंगरावरून उतरवतात म्हणे त्या. आमच्याकडे डोंगर कुठला, म्हणून पोरं त्या पाळ्यावरच उडवायची. सुभाषने हट्ट धरला आणि नानांनी बापड्यांनी ती घेऊन दिली. देताना म्हणाले, "पाळ्यावर नाही हं." सुभाष म्हणाला, "नाही नाना." पोरांचं "नाही नाना" ते काय असतं!

मला सातवा महिना होता. डोक्यावर गाठोडं घेऊन मी पाळ्यावरून येत होते. समोरून, चुकीच्या बाजूने, मुंडी खाली घालून, पोरांशी शर्यत लावलेला सुभाष. घंटी वाजवली त्याने. पण मी कुठे जाऊ? हँडल माझ्या कुशीत बसलं आणि मी झोपडीच्या कुडावर आदळले. हात मोडला. पोटावर हात धरून मी किंचाळत होते, आणि तो म्हणत होता, "वहिनी, मी घंटी दिली होती!"

नाना धावत आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे, आणि मग जे सुरू झालं ते देवा, पुन्हा बघायला नको. थोबाडीत, लाथ, बुक्की. सुभाष पडला तर सायकलचा पंप काढून त्या पंपाने मारला. पोराच्या नाकातोंडातून रक्त आलं, एक दात तुटून मातीत पडला, तरी हात थांबेना. चार बाप्ये धरायला गेले, त्यांनाही पडली. शेवटी मीच ओरडले, "नाना, मरेल ना पोर! मला काही झालं नाही!" खोटं बोलले, हात लोंबत होता माझा. सुभाष रक्त थुंकून उठला आणि म्हणाला, "आईला पाण्यात तुम्ही घातलं. मी नाही."

नानांचा हात वर होता तो वरच राहिला. मग पंप गळून पडला. सुभाष तसाच निघाला, रक्ताळलेल्या शर्टाने, मागे न बघता. नंतर कळलं की हजिऱ्याला एका ठेकेदाराकडे कामाला लागला. परत आला नाही. माझी मुलगी वेळेवर झाली, धडधाकट झाली. बारशाला नाना आले, कोपऱ्यात बसले, तिला मांडीवर घ्या म्हटलं तर हात मागे घेतले.

त्या दिवसापासून नानांचा हात उठला नाही. पाळ्यावर मात्र जायचे. बाजूला उभे राहून येणारा प्रत्येक सायकलवाला निरखायचे, की त्यात सुभाष आहे का. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. आणि मारत नाही म्हटल्यावर लोक काय करतात? उतरायचं सोडलं. घंट्यांचा नुसता गोंगाट. एके दिवशी आमच्या गल्लीतली एक म्हातारी हंड्यासकट खाडीत गेली, केसांना धरून बाहेर काढली तिला. पाडणारा मागे वळून बघेना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी धावले, त्याचं कॅरियर धरून त्याला ओढला आणि अशी वाजवली की माझाच हात झिणझिणला. संध्याकाळी नानांना सांगितलं. म्हातारा वर्षानंतर पहिल्यांदा हसला. "जोरात बसली का?" म्हणाले. "मनगट सैल ठेवत जा, माय." तेव्हापासून पाळा माझा. काही बायका मला मागून नानी म्हणायच्या. म्हणेनात मेल्या!

नानांना खोकला लागला, मागावरच्या धुळीचा. छाती पोकळ झाली. खाटेला टेकले आणि बोलणंही तुटत गेलं. सुभाषचं नाव मात्र घेत नव्हते. शेवटी आमचे हे हजिऱ्याला जाऊन, शोधून सुभाषला सांगून आले: बघायचं असेल तर ये.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला मी गाठोडं घेऊन पाळ्यावर होते, मागे हंडेवाल्या बाया. समोरून एक दाढीवाला, पॅडलवर उभा राहून, वेड्यासारखा सायकल हाणत आला. "उतर!" मी ओरडले. नाही उतरला. गाठोडं टाकलं, वाटेत आडवी आले, हँडल धरलं आणि दिली ठेवून. तो सायकलीसकट पडला. त्याने वर बघितलं तर त्याचा पुढचा दात नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला.

"अरे सुभाष! बस, बस सायकलवर, पळ, वेळ नाहीये!" मी त्याला ढकलत होते. तो काही बसला नाही. सायकल हातात धरून झोपड्यांच्या बाजूने चालत निघाला. ओझंवाली बाई आली की थांबायचा, ती गेली की पुढे. मी मागून रडत होते आणि त्याला शिव्या देत होते, चल रे, चल. एकाही बाईसाठी थांबायचं त्याने चुकवलं नाही.

नाना होते अजून. डोळे उघडले, पोराकडे बघितलं, त्याच्या गालाकडे बघितलं. माझी बोटं उमटली होती तिथे. मग म्हणाले, "आज कोण उतरलं नाही?"

"मी," सुभाष म्हणाला.

"मग? बसली का?"

"बसली. वहिनीने दिली."

नानांनी माझ्याकडे मान वळवली. "बरं केलंस, माय. माझा हात आता उठत नाही."

सुभाषने तो हात उचलला आणि त्या लाल गालावर धरून ठेवला. नाना गेले तेव्हाही त्याने तो सोडला नव्हता.

सकाळी पाळ्यावरूनच नेलं. पुढे मडकं घेऊन सुभाष, मागे तिरडी. मिलकडे निघालेले सायकलवाले न सांगता उतरले आणि खाडीच्या कडेला सायकली धरून उभे राहिले. एवढ्यात एक नवखा, आमच्याच गावाकडचा, सायकलवरूनच आला आणि शेवटचा राम राम म्हणून त्याने एक हात उचलला.

"हात हँडलवर!" सुभाष गरजला. "उतर!"

तो उतरला.