पोपटाची कवटी घेऊन सोलापूरला

सोलापूरला मी आधीही गेलेय, पण मांडीवर पोपटाची कवटी घेऊन पहिल्यांदाच. घाबरू नका, खरी नव्हे. मीच केलेली.

माझी नात कुसुम सोलापुरात मुलींच्या शाळेत सातवीला. शाळेत प्रदर्शन भरणार होतं आणि तिला पोपटाच्या कवटीचा हुबेहूब नमुना मांडायचा होता. दिवाळीत मैंदर्गीला माझ्याकडं आली ती चित्र घेऊनच. "आज्जे, तू कागदाच्या टोपल्या करतीस की. तसंच हे कर." मग काय! रद्दी भिजवली, मेथ्या वाटून लगद्यात घातल्या (मेथीशिवाय लगदा धरत नाही, ध्यानात ठेवा) आणि केली कवटी. हुबेहूब, फक्त नारळाएवढी झाली. बारीक वस्तूवर माझी बोटं चालत नाहीत, आणि लांबून दिसायला नको का?

पण पोरीचा जीव टांगणीला होता. माझ्या लेकानं, दत्तूनं, सांगून ठेवलेलं की पहिला नंबर आला तर पुढं शिक, नाहीतर सातवी झाली की घरी बस.

अक्कलकोटपर्यंत बैलगाडी, तिथून मोटार. जाणार असाल तर मधलं बाक धरा. पुढं इंजिनाची ऊब लुगड्यातून शिरते, मागं धुरळा. सोबत शेंगाची चटणी आणि भाकरी घ्या. माझे दोन दात उरलेत, एक वर, एक खाली, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही, म्हणून मी ताकाचा तांब्याही घेते. ड्रायव्हर "बर्री अज्जी, बर्री!" करून कानडीत घाई लावतो आणि आपण बसलो की स्वतः चहाला जातो.

शेजारी एक धनगर शेळी पायात घेऊन बसला. "आजी, लेकरू हाय व्हय फडक्यात?" म्हणाला. मी कौतुकानं फडकं सोडून दाखवलं. तेवढ्यात वळणावर मोटार अशी कलली की मी बाक धरायला वळले, आणि मागं करकर करकर! वरची चोच, खालची चोच, सगळी शेळीच्या तोंडात; मागची कवटी तेवढी वाचली.

"आरं, तुझ्या शेळीनं पोपट खाल्ला!"

"आजी, तिला मेथीचा वास आला की. तुमी मेथी घालायची न्हाय."

"मग काय घालू, कडुलिंब?"

"त्यो बी खाती ती."

सोलापुरात उतरले तेव्हा गिरणीचा भोंगा झाला. माझ्या मनातलंच तो ओरडला. टांगा करून लेकाच्या चाळीत गेले. कुसुमनं फडकं सोडलं आणि खालीच बसली.

"आज्जे, मला चोचीवरच बोलायचं हाय गं! जसं खाणं तशी चोच. बगळ्याला मासा धरायचा म्हणून चिमट्यासारखी. घारीला मांस फाडायचं म्हणून आकड्यासारखी. पोपटाला कठीण बी फोडायची म्हणून आखूड अन् दणकट. आता उद्या काय दावू?"

लगदा एका रात्रीत वाळत नाही. मला काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की मला पान लागतं. चंची सोडली, अडकित्त्यात सुपारी धरली, कट्. कुसुम रडायची थांबली. मी अडकित्त्याकडं बघितलं, तिनं कवटीकडं.

अडकित्त्याची बिजागरी कवटीच्या तोंडात बसवली, दांड्या चोचीसारख्या बाहेर ठेवल्या, कणीक थापून दोऱ्यानं आवळलं. चोच अंमळ लांब झाली. पण कुसुमनं उघडून मिटून बघितली आणि नाचायलाच लागली. "खऱ्या पोपटाची वरची चोच बी हलती, आज्जे! लगद्याची कुटं हलणार होती?"

प्रदर्शनाला बघायला या, पण चपला हातात ठेवा. माझी एक अजून सापडलेली नाही. तपासायला आलेल्या बाईंनी चष्मा पुसून विचारलं, "हा पोपट आहे की बगळा?"

"बाई, बगळ्याला सुपारी फुटत नाही," कुसुम म्हणाली आणि दांड्या दाबल्या. कट्! बाईंनी खांड उचलून तोंडात टाकलं. मग काय, सगळ्यांनाच पोपटाच्या तोंडची सुपारी पाहिजे. पाहुण्यांसाठीचं सुपारीचं तबक रिकामं झालं.

तरी नंबर दुसराच आला. पहिला एका लोकरीच्या मोराला. त्याची चोच बदकाची होती, पण बोलायचं कुणी? कुसुमचं तोंड एवढंसं झालं. दत्तू म्हणाला, "आये, दुसरा म्हंजी पयला न्हवं," आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. हा पोपट शिकवायला फार चांगला, शाळेच्या कपाटात ठेवू का, म्हणाल्या.

मी म्हटलं, "ठेवा की. पण अडकित्ता माझा, अन् चालवणारी नात माझी. जोडीनं ठेवणार असाल तर ठेवा."

मोठ्या बाईंनी दत्तूकडं बघितलं. सगळ्या बायांनी दत्तूकडं बघितलं. त्याच्या तोंडात पोपटानं फोडलेली सुपारी, बोलतोय कसला! मान मात्र हलली, आणि उभी हलली.

आता घरी आलेय. अंगणातल्या कोंबडीची चोचसुद्धा मी टक लावून बघते, तर ती लाजून पळते. सुपारी खलबत्त्यात कुटून खाते, हात भरून येतो. काल शेजारची शेवंता पान खायला आली आणि चंची उलटी-पालटी करून म्हणाली, "काकू, अडकित्ता कुटं हाय?"

म्हटलं, "सोलापूरला शिकायला ठेवलाय."