डाव्या हातानं लिहिलेलं कार्ड

माझं अक्षर चांगलं आहे, हे लोकांनी मला लहानपणापासून सांगितलं आणि मी ते जपत आलो. मी दौंडला मालगाडीवर गार्ड आहे. आता कागदोपत्री आम्हाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण दौंडात अजून गार्डच म्हणतात. हलत्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात, मांडीवर पॅड ठेवून लिहिलं तरी माझी ओळ सरळ जाते. आमचा एक ड्रायव्हर चेष्टा करायचा, "गार्डसाहेब, रिटायर झाल्यावर लग्नपत्रिका लिहायला घ्या. रिपोर्टात कशाला वाया घालवताय हे अक्षर?" मी हसण्यावारी न्यायचो, पण मनातून सुखावायचो. पुढं मी जे केलं, त्याचं मूळ या सुखावण्यात आहे.

माझी मुलगी दुसरीत गेली तरी तिला धड लिहिता येत नव्हतं. बोलायला मात्र हुशार. एकदा ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पदरचं तिखटमीठ लावून सांगायची. पेन्सिल हातात आली की तीच मुलगी गप्प व्हायची. अक्षरं ओळीखाली लोंबायची, एकमेकांवर चढायची. एक ओळ पुरी होईपर्यंत तिचा तळहात घामानं ओला व्हायचा आणि वहीचा कागद फुगायचा. बाईंचा लाल शेरा यायचा, 'पालकांनी लक्ष द्यावे.' तो शेरा मी माझ्याच अक्षराला दिल्यासारखा वाचायचो.

बायको दवाखान्यात नर्स आहे, तिच्या पाळ्या असतात. त्यामुळे लिहिणं माझ्याकडं. ड्यूटीवरून आलो की अंघोळ करून मी मुलीला क्वार्टरच्या पुढच्या खोलीत घेऊन बसायचो. तिचा हात माझ्या हातात धरून अक्षर गिरवून घ्यायचो. इतका घट्ट धरायचो, की पेन्सिलीच्या कडा तिच्या बोटांवर उमटायच्या.

"पप्पा, दुखतंय."

"दुखतंय ना? मग नीट लिही."

एकदा पट्टी मारली, बोटांच्या पेरांवर. ती रडली नाही. तो हात मांडीखाली घालून तशीच बसून राहिली. मला वाटलं, हट्टी आहे.

माझे वडील शिरूरला, मिशनच्या जुन्या वस्तीत राहतात. ते शाळेत शिक्षक होते. वर्गात शुद्ध बोलायचे, घरात गावचंच. त्यांच्या चर्चमध्ये एक रीत आहे. नाताळाआधीच्या रविवारी दुसरीतली मुलं आपापलं सुवर्णवचन, म्हणजे पाठ केलेलं पवित्र शास्त्रातलं, बायबलमधलं, एक वाक्य, स्वतःच्या हातानं कार्डावर लिहून आणतात. ती कार्डं भिंतीलगत सुतळी बांधून चिमट्यांनी लावतात. नाताळ झाला की मुलाचं कार्ड घरातल्या थोरल्या माणसाच्या पवित्र शास्त्रात कायमचं ठेवलं जातं. वडील फोनवर विचारायचे, "नातीचं कार्ड कवा येतंय? म्या पान काढून ठिवलंय."

आम्ही दौंडला असलो तरी मुलीचं कार्ड शिरूरलाच लागणार, हे ठरलेलं होतं. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आम्ही दोघं बसलो. बायको ड्यूटीवर होती. वचन चार-पाच शब्दांचंच. मुलीला ते तोंडपाठ होतं. तिनं नऊ कार्डं खराब केली. नवव्या कार्डाला खोडून खोडून भोक पडलं, तेव्हा मी दहावं कार्ड स्वतःकडं ओढलं.

उजव्या हातानं लिहिलं असतं तर कुणीही ओळखलं असतं. म्हणून पेन्सिल डाव्या हातात घेतली. अक्षर थोडं मोठं आलं, थोडं थरथरतं, पण वाचता येण्यासारखं. अगदी लहान मुलाचं वाटावं असं. मुलगी माझ्या खांद्याला टेकून बघत होती.

"पप्पा, तुम्हाला डाव्या हातानं पण येतं?"

"येतं."

"मग मला पण येईल?"

"येईल येईल," मी कार्ड फुंकरत म्हणालो. "आणि हे कुणाला सांगायचं नाही. हे तूच लिहिलंस. कळलं?"

संध्याकाळी बायकोनं कार्ड बघितलं. "हिनं लिहिलं?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं मुलीला उचलून गालाचे मुके घेतले.

दुसऱ्या दिवशी बायकोला सुट्टी नव्हती. मी आणि मुलगी पाटस, चौफुला, न्हावरा करत शिरूरला पोचलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं एस्टी रखडली, त्यामुळं चर्चमध्ये शिरलो तेव्हा कार्डं लावणं सुरू झालं होतं. मुलीनं उभं राहून वचन खणखणीत म्हटलं. संडे स्कूल घेणाऱ्या मावशींनी तिचं कार्ड वर धरून सगळ्यांना दाखवलं.

"बघा, किती सुबक!"

"बापाचा हात उतरलाय," मागून कुणीतरी म्हणालं. वडिलांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत.

"ये गं बाळा," मावशी म्हणाल्या, "आपल्या छोट्या मुलांना फळ्यावर लिहून दाखव."

ती फळ्यापाशी गेली. उजव्या हातात खडू घेतला, थांबली आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत भीती असती तर मला आज इतकं जड गेलं नसतं. भीती नव्हती. तिनं खडू डाव्या हातात घेतला. पप्पांना ज्या हातानं आलं, त्या हातानं आपल्यालाही येणार, अशी तिची खात्री होती.

फळ्यावर दोन-तीन वाकड्या रेघा उमटल्या. खडू मोडला. पुढच्या रांगेतला एक पोरगा ओरडला, "कोंबडी नाचली, कोंबडी!" मुलं खिदळली.

ती वळून म्हणाली, "पप्पांनी पण डाव्याच हातानं लिहिलं होतं. त्यांना आलं."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी तेव्हा उठून खरं सांगितलं असतं तर पाच मिनिटांची लाज होती. मी हसलो. मोठ्यानं म्हणालो, "अगं, देवाच्या घरात खोटं कशाला बोलतेस? तूच नाही का काल लिहिलंस? घाबरलीय हो ती."

लोक हसले. मावशींनी मुलीला जवळ घेऊन समजावलं, की चर्चमध्ये तर मुळीच खोटं बोलायचं नसतं, आणि तिला सॉरी म्हणायला लावलं. ती माझ्याकडं बघत होती. मग खाली बघून म्हणाली, "सॉरी."

माझ्या लबाडीची माफी माझ्या सात वर्षांच्या मुलीनं मागितली आणि मी तिसऱ्या बाकावर बसून ती मागू दिली.

त्यानंतर तिनं माझ्यासमोर लिहिणं सोडलं. मी बसवलं की वही माझ्यापुढं सरकवायची. "तुम्हीच लिहा. मी कुणाला सांगणार नाही." यात टोमणा नव्हता. नियम शिकल्यासारखं ती ते म्हणायची.

शाळेनंच पुढं सुचवलं आणि आम्ही तिला पुण्याला एका डॉक्टरबाईंकडं नेलं. दोन-तीन खेपांत तपासण्या झाल्या. बाई म्हणाल्या, "हा आळस नाही आणि हट्टही नाही. तिला सगळं समजतं, पण ते हातातून कागदावर उतरवणं तिला इतर मुलांपेक्षा फार अवघड जातं. गिरवून गिरवून, दामटून हे जाणार नाही. वेळ द्यावा लागेल. रोज थोडं थोडं, तिच्या कलानं." मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरी लिहिताना कधी मारलंबिरलंय?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

मुलगी शेजारच्या खुर्चीत होती. तिनं ऐकलं आणि ती काही बोलली नाही. खरं बोललं की काय होतं, ते तिला आता माहीत होतं.

परतीच्या डेमू गाडीत मुलगी आईच्या मांडीवर झोपली, तेव्हा मी बायकोला सगळं सांगितलं. पट्टी, कार्ड, फळा, सॉरी. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? ज्यांच्यापुढं तिला खोटं पाडलंत, त्यांना सांगा."

पुढच्या सुट्टीला मी एकटाच शिरूरला गेलो. वडिलांपुढं बसून सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"म्हाईत हाय मला. तवाच वळखलं. तुला लिव्हायला म्या शिकिवलं. हात बदलला म्हून वळण बदलतंय व्हय?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"चारचौघांत तुझी लाज जाईल म्हून." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझी राखली म्या. आन् त्या एवढ्याशा पोरीची जाऊ दिली. तुझ्याइतकाच मीबी त्यात हाय." मी कार्डाबद्दल विचारलं. ते म्हणाले, ते शास्त्रात ठेवलंच नव्हतं. नातीसाठी काढून ठेवलेलं ते पान रिकामंच होतं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघंही शिरूरला गेलो. उपासनेत साक्षीची वेळ असते, ज्याला काही सांगायचं असेल तो उभा राहतो. मी उभा राहिलो. कार्ड मी लिहिलं होतं, खोटं मी बोललो होतो, माझी मुलगी खरं बोलत होती, एवढं सांगितलं. दोघा-तिघांनी आमेन म्हटलं. बाहेर पडताना एकजण पाठीवर थाप मारून म्हणाला, "एवढं काय मनावर घेता राव! आमच्या पोरांचे प्रोजेक्ट आम्हीच तर करतो." सगळे हसले. मावशींनी मुलीच्या गालावरून हात फिरवला. इतक्या सहज त्यांनी मला सोडून दिलं. मी बोलत होतो तेव्हा मुलगी पुढं मुलांच्या रांगेत होती. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

एस्टीत ती माझ्या शेजारी बसली.

"ऐकलंस ना, मी काय सांगितलं ते?"

"हं."

"आता सगळ्यांना कळलं, तू खरं बोलत होतीस."

"मला माहितीच होतं ते," ती म्हणाली. न्हावरा आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, मला लिहायला आईच बसवेल. तुम्ही नको."

"बरं," मी म्हणालो.

तेव्हापासून बायकोला ज्या दिवशी वेळ असतो, त्याच दिवशी मुलीचं लिहिणं होतं. आठवड्यातून दोनदा, कधी तेवढंही नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं रोजचं थोडं थोडं काही होत नाही आणि वर्ग पुढं चालला आहे. मी घरी असलो तर बाहेर व्हरांड्यात बसतो. आतून बायकोचा आवाज येतो, "सावकाश. घाई नाही." मी आत पाऊल टाकलं की मुलगी वहीवर दोन्ही हात पसरते. म्हणून तेवढा वेळ पाणी प्यायलासुद्धा मी आत जात नाही.