सातव्या खिळ्यावरचा बिल्ला

बाईंना रिकामं काही बघवत नसे. अर्जात एखादा रकाना मोकळा राहिला की त्यांचा हात शिवशिवायचा, बाकावर एक जागा सुटली की दोन मुलं सरकवायच्या, आणि कुणी बोलता बोलता अडखळलं तर त्याचं वाक्यसुद्धा त्याच पुरं करून टाकायच्या. त्यांच्याबरोबर राहणारी थोरली बहीण म्हणायची, "हिच्यासमोर कप रिकामा ठेवायची सोय नाही, लगेच ओतते." बाई हसायच्या. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढी खोड असायचीच, असं म्हणून सगळे सोडून देत. ही खोड कुणाच्या जिवावर उठेल, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

फेरी ही बाईंचीच कल्पना. शाळेच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. मुलंबाळं परगावी, शेजारी आपापल्या घाईत. बाईंनी तिसरीतल्या बारा जणांना बारा घरं वाटून दिली. सकाळी शाळेत येताना आपल्या घराचं दार वाजवायचं, आतून आवाज आला की दोन शब्द बोलायचे आणि पुढे यायचं. शाळेच्या व्हरांड्यात एक लाकडी फळी टांगलेली, तिच्यावर बारा खिळे, प्रत्येक खिळ्याखाली घराचा आकडा. घरातून उत्तर मिळालं की आपला निळा पत्र्याचा बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा, आणि शाळा सुटली की तो काढून वर्गातल्या डब्यात ठेवायचा. प्रार्थना संपेपर्यंत एखादा खिळा रिकामा राहिलाच, तर शिपाईमामा सायकल काढून त्या घरी जाऊन यायचे. बस्स, एवढंच.

पण एवढ्याशा गोष्टीने पोरं बदलली हो! स्वतःचा डबा बाकाखाली विसरून घरी जाणारी ही मंडळी, चार नंबरच्या आजोबांचा जिन्यातला दिवा उडालाय हे दिवसभर ध्यानात ठेवू लागली. कुणी कुणाची पत्रं वाचून दाखवू लागलं, कुणी अंगणातलं गवत उपटू लागलं. सुट्टीच्या दिवशी सगळी बारा जणं मिळून आख्ख्या गल्लीचा कचरा उचलायची, आणि मोठ्या माणसांनी कागद टाकला तर कमरेवर हात ठेवून त्यांनाच दटावायची.

या बारा जणांत सगळ्यात चिमुरडी होती बटण. तिच्या गणवेशाचं वरचं बटण कधी जागेवर नसे, म्हणून हे नाव. खरं नाव हजेरीपुरतं. तिच्याकडे सात नंबरचं घर होतं. तिथल्या आजी पायाने अधू, कानाने जड, जिभेने मात्र ठणठणीत. बटणने दार वाजवलं की आतून हाक यायची, "आहे गं बाई, अजून आहे! गेले की सांगेन!" बटण खिदळत शाळेत यायची आणि टाचा उंचावून बिल्ला अडकवायची.

मग वरून पाहुणे यायचा दिवस ठरला. फेरीचं नाव झालं होतं, दुसऱ्या शाळांचे शिक्षक आणि दोन साहेब ती फळी बघायला येणार होते. मुख्याध्यापकांनी व्हरांडा धुऊन घेतला. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली. प्रार्थनेआधी हजेरी घेताना बटण आली नसल्याचं त्यांना कळलं. शेजारची मुलगी म्हणाली, "तिला खूप ताप आहे, बाई." बाईंनी हजेरीपटात खूण केली आणि बाहेर आल्या. फळीवर अकरा बिल्ले लखलखत होते. सातवा खिळा उघडा.

फाटकाशी गाडी थांबली. बाईंनी वर्गातल्या डब्यातून बटणचा बिल्ला काढला आणि खिळ्याला लावून टाकला. मधल्या सुट्टीत आपणच आजींकडे जाऊन येऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, खोटं नाही.

मधल्या सुट्टीत साहेबांचा चहा होता. मग भाषणं. मग सगळ्यांबरोबर फोटो, फळी मधोमध. शाळा लवकर सुटली, त्या गडबडीत बिल्ले काढायचे राहिले. दुसऱ्या दिवशी मुलांनी आपापला बिल्ला खिळ्यावर आहेच असं पाहून नुसता हात लावला. सातव्याला हात लावणारं कुणी नव्हतं, आणि तो लटकत होता, तेव्हा कुणाला काही खटकलं नाही. बाईंना? बाईंना आदल्या दिवसाच्या कौतुकात आठवलंच नाही. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

तिसऱ्या दिवशी दूधवाल्याला दारात दोन पिशव्या तशाच पडलेल्या दिसल्या. दार तोडलं. आजी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पडल्या पहिल्या सकाळी, गेल्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. म्हणजे दीड दिवस.

मुख्याध्यापक फळीसमोर उभे राहून डोकं खाजवत होते. "बिल्ला तर आहे. मग लावला कुणी?" शिपाईमामा गळाठून गेले होते. ते बाईंकडे वळून म्हणाले, "रिकामा दिसला असता तर मी गेलो असतो की हो, बाई. पाच मिनिटांचं काम."

बाईंनी तोंड उघडलं. आणि त्या म्हणाल्या, "मुलांपैकी कुणीतरी खेळता खेळता लावला असेल."

बोलून गेल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखादं वाक्य अर्धं सोडलं असतं तर बरं झालं असतं.

मग जे व्हायचं तेच झालं. आजारी पडलं तर आपलं घर दुसऱ्या मुलाला नाहीतर बाईंना सोपवायचं, असा नियम होता. बटणने सोपवलं नव्हतं. आठ वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या पोरीने! पण लोकांना बोट दाखवायला कुणीतरी लागतं. दुकानात तिच्या आईला कुणी म्हणालं, "एक निरोप धाडला असता तर म्हातारी वाचली असती." आई रडत घरी आली, आणि ते बटणने ऐकलं. पाचव्या दिवशी ती शाळेत आली आणि आपल्या जागी जाऊन बसली. तिच्या गणवेशाला सगळी बटणं होती.

मुख्याध्यापकांनी फळी उतरवली. भिंतीवर तिच्या जागी फिकट चौकोन राहिला. बाई तिथून जाताना मान खाली घालायच्या, तरी डावीकडून सात मोजून व्हायचे. मुलं बाकावर पेन्सिली आपटू लागली की त्या खडू टाकून दाराकडे बघायच्या. सकाळी घरी आंघोळ करताना कुणीतरी दार वाजवतंय असं वाटून त्या ओलेत्या अंगाने बाहेर यायच्या.

"कुणी नाहीये गं," बहीण म्हणायची. "तिसऱ्यांदा उठलीस. झालंय काय तुला?"

"वाजलं, ताई. नीट तीनदा वाजलं."

"मग मी बहिरी आहे का?"

बाई पुन्हा आत जायच्या. न्हाणीघराचा उंबरा ओलांडताना त्या आता भिंत धरायच्या. दीड दिवस म्हणजे किती तास, हे गणित त्यांनी शंभरदा केलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक तासाला आपण कुठे होतो, काय खात होतो, कुणाशी हसत होतो, हे त्यांना पाठ झालं होतं. त्या फोटोची एक प्रत शाळेकडून घरी आली. तिच्यात सातवा बिल्ला सगळ्यांपेक्षा चकचकीत दिसत होता. बाईंनी ती कपाटात कपड्यांखाली सारली, तरी कपाट उघडायची त्यांना धास्ती वाटायची.

सांगून टाकावं, असं रोज वाटे. रोज सकाळी त्या ठरवून निघायच्या आणि मुख्याध्यापकांच्या खोलीवरून तशाच वर्गात जायच्या. चौतीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत जाईल, ही भीती. माणूस आहे, भीती वाटणारच. पण एक पोर फुकट बोल खातेय हे दिसत असताना गप्प बसणं, त्याला काय माफी आहे?

महिन्याभराने दूधवाला बाईंच्या दारात घुटमळला.

"बाई, तुमची ती छोटी अजून जाते हो त्या घराशी."

"कोणत्या घराशी?"

"सात नंबरच्या. कुलूप आहे तरी दार वाजवते. थांबते. परत वाजवते. मला बघवत नाही. तुम्ही सांगा ना तिला काही."

दुसऱ्या दिवशी बाई चहासुद्धा न घेता निघाल्या. गल्लीत अजून वर्दळ नव्हती. सात नंबरच्या पायरीवर बटण उभी होती, पाठीला दप्तर, कान दाराला लावलेला. बाईंना बघून ती दचकली नाही. नुसती सरळ उभी राहिली.

बाई पायरीवर बसल्या. उभं राहून हे बोलता आलं नसतं.

"बटण, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी तुझा बिल्ला मी लावला होता. मुलांपैकी कुणी नाही. मी. तू आजारी आहेस हे मला माहीत होतं. तुझी काही चूक नाही, बाळा. सगळी माझी आहे. आज प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुझ्या आईलाही."

बटणने कुलपाकडे बघितलं.

"मग तुम्ही दार वाजवायला का नाही आलात?"

बाईंकडे कारणं होती. चहा, साहेब, भाषणं. तोंडाशी आलेली सगळी कारणं त्यांनी गिळली. "फळी भरलेली दिसायला हवी होती," त्या म्हणाल्या, "म्हणून."

बटणने दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिचा आवाज इतका बारीक झाला, की बाईंना पुढे झुकावं लागलं.

"आजींनी मला एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, तुला ताप आला तर माझ्याकडे कोण गं येणार? मी म्हटलं, मग आमच्या बाई येतात. म्हणाल्या, नक्की? मी म्हटलं, बाई कधीच विसरत नाहीत. मला वाटलं मी त्यांना खोटं सांगितलं. म्हणून मी रोज येते. सॉरी म्हणायला."

दीड दिवस आजींनी कुणाची वाट बघितली असेल, हे आजवर बाईंनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. दीड दिवस आजी त्यांचीच वाट बघत होत्या. दाराकडे तोंड करून, बाई येतील म्हणून.

"तू खोटं नव्हतं सांगितलंस," त्या कशाबशा म्हणाल्या.

बटणने नाक पुसलं. मग ती दारापासून बाजूला झाली, एक पायरी खाली उतरली, आणि बाईंसाठी जागा करून दिली.

"आलात ना आता," ती म्हणाली. "वाजवा."

बाई कठड्याला धरून उठल्या. कुलपाची कडी गंजायला लागली होती. त्यांनी हात उचलला, बोटं वळली, आणि अगदी हलकेच दार वाजवलं.

"जोरात, बाई," मागून बटण म्हणाली. "त्यांना लगेच ऐकू येत नाही."